शेंद्रीची लाल वडी

तुळशीची लग्नं तोंडावर आली होती आणि बहारीनच्या जिदहफ्समधल्या कंपनीच्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, महादेव पड्याळ उकिडवा बसून रंगाच्या रिकाम्या बालदीला गेरू फासत होता. बालदीत तुळस होती. वृंदावन म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. एका बाजूला अजून रंगाच्या कंपनीचा वाघ हसत होता. पण गेरूचा हात फिरला की वाघ झाकला जायचा आणि वर्षभर पुरेल एवढं पावित्र्य यायचं.

गेरू गावाहून रत्नाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाठवलेला होता. निदान महादेवची तशी समजूत होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली वीतभर लांब लाल वडी, आणि सुतळीला रत्नाची गाठ. ती गाठ तो झोपेत ओळखील. दोनदा उलटी फिरवून वर असा फास, की योग्य टोक ओढलं तर फुलासारखा सुटतो आणि चुकीचं ओढलं तर सुरी आणावी लागते. महादेवने योग्य टोक ओढलं, वडी मगात कुस्करली, पाणी घातलं आणि चिंधीचा बोळा बुडवला.

पहिल्या हाताला लसणीचा वास आला. रत्नाने कांद्या-लसणीच्या टोपलीत ठेवला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. मग लवंगेचा आला. म्हणजे टोपलीतून काढून मसाल्याच्या फडताळात ठेवला असेल. मग मिरीचा आला. तोवर दुसरा हात देऊन झाला होता आणि बालदी अशी काही लालभडक दिसत होती की यंदा गेरू चांगल्या खाणीतला निघाला म्हणून महादेव खूश होता. ज्या नाकाच्या जिवावर हा माणूस बहारीनमध्ये इतकी वर्षं भाकरी खात आला, ते नाक बिचारं ओरडून सांगत होतं. पण एकीकडे नाक आणि दुसरीकडे बायकोची गाठ असली, की संसारी माणूस गाठीचं ऐकतो.

इतक्यात त्याच्याच खोलीतला अन्सार परकार जिना चढून वर आला. सलमानियाच्या इस्पितळात दाढ दाखवायला गेला होता, त्यामुळे एक गाल हातात धरलेला.

"महादेवभाऊ, पिशवीतली माझी वडी काढलीस काय रे?"

"कसली वडी?"

"लाल. पेपरात बांधलेली. दोन पुड्या होत्या नि सारख्या. एक तुझी, एक..."

अन्सारचं लक्ष बालदीकडे गेलं. त्याने गालावरचा हात काढला, वाकला, वास घेतला आणि बराच वेळ तसाच वाकलेला राहिला.

"भाऊ, तू तुळस मॅरिनेट केलीस?"

"गेरू आहे तो."

"गेरूत लसूण कधीपासून घालायला लागले? आता कसं, अर्धा तास मुरू दे. मग भट्टीत घालू."

महादेव उठला. हातातला बोळा बघितला, मग तो स्वतः हुंगला. या वेळी नाकाचं ऐकावंच लागलं. तुळशीला लसूण फासणारा पड्याळांच्या सात पिढ्यांतला तो पहिलाच पुरुष असावा. त्याने घाईघाईने बालदीवर पाणी ओतलं. वास थोडा गेला. रंग तसूभर हलला नाही.

"तो नाय जायचा," अन्सार म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "शेंद्री आहे. शुक्रवारची वडी होती ती, भाऊ. तेवढीच होती."

शुक्रवार म्हणजे काय, हे कळायला या दोघांच्या हॉटेलात डोकावावं लागेल.

हॉटेल रिफात. मालक अबू यूसुफ, खाण्याचा शौकीन आणि बोलण्यात आळशी. महादेव तिथे भांडी घासायला लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते आणि अबू यूसुफची दाढी काळी होती. भांड्यांवरून तो कांद्यावर आला, कांद्यावरून मांस धुण्यावर आणि मग एकदा मसाल्याचा पाकिस्तानी उस्ताद सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही, तेव्हा मुरवणाच्या टेबलावर. तिथून त्याला कोणी हलवलं नाही. त्याची लाल कोंबडी खायला हमद टाउनवरून गाड्या येत. त्या मसाल्यात काय होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण कसा ओळखायचा ते सगळ्यांना दाखवत असे: चिमूटभर तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा आणि हात उजेडात धरायचा. रेषा दिसल्या तर मसाला कच्चा. रेषा बुडाल्या तर झाला. हातमोजे घाला म्हणून मॅनेजर निवेदिता मॅडमनी त्याच्याशी वर्षभर वाद घातला. त्या पुण्याच्या, दर वेळी हायजीनवर एक नवीन व्हिडिओ दाखवत. महादेव तो शेवटपर्यंत बघायचा, मान डोलवायचा आणि मोजे खिशात घालून चिमूट तळहातावर घ्यायचा.

त्या टेबलापाशी एक दिवस अन्सार येऊन उभा राहिला. गावच्या खाडीच्या अलीकडे पड्याळांची वाडी आणि पलीकडे परकारांचा मोहल्ला. मध्ये फक्त होडीची तर. एवढ्या जवळचा माणूस एवढ्या लांब भेटल्यावर महादेवला आनंद झाला. तो आनंद पहिल्या गुरुवारपर्यंत टिकला.

अन्सार आधी मोठ्या प्रवासी जहाजांवर स्वयंपाकी होता. जहाज मेक्सिकोच्या कुठल्याशा बंदराला वरचेवर लागायचं आणि त्याच्या किचनमध्ये त्याच मुलखातला, युकातानचा, एक माया माणूस होता. त्याच्या घरी पूर्वापार चालत आलेला लाल मसाला तो वडी करून बांधून आणायचा. रेकादो म्हणायचा त्याला. शेंद्रीच्या बिया, लसूण, मिरी, लवंग, जिरं, रानटी ओव्यासारखा एक पाला, आणि कडू संत्र्याचा रस. मांसाला तो फासायचा, केळीच्या पानात गुंडाळायचं आणि जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरून ठेवायचं. त्याच्या गावी ते डुकराचं करत. जहाजावरून आणलेल्या बिया वाटून अन्सारने बकऱ्याचं केलं. खड्डा रिफात कुठे खणणार, म्हणून भट्टीत केलं. पहिल्या गुरुवारी पान उलगडलं आणि सगळं किचन हातातलं काम टाकून जमा झालं.

महादेवही गेला. रंग बघितला. रंग असा होता की त्याला आपली कोंबडी एकदम फिकट, अशक्त, जुलाब झाल्यासारखी वाटायला लागली. त्याने बोटाने थोडं चाखलं.

"तिखट नाय," तो म्हणाला.

"तिखट नसतंच ते, भाऊ."

"लाल आहे आणि तिखट नाय?" असं म्हणून महादेव टेबलाकडे परतला. खोट्या नोटा चालवणाऱ्याला पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अन्सारच्या ताटाकडे ग्राहक फोन रोखून फोटो काढत आणि महादेव काउंटरच्या फटीतून ते मोजत नसल्याचं नाटक करत बघत राही. निवेदिता मॅडम म्हणाल्या, "महादेव, यू मस्ट ट्राय, खूपच सटल आहे," तेव्हा सटल म्हणजे काय हे त्याने कोणाला विचारलं नाही, पण शिवी असावी अशी आशा मात्र धरली. अन्सार उंच होता, हेही त्याला आता खटकायला लागलं. जहाजावर राहून माणूस उंच कसा राहतो?

आणि मग अबू यूसुफने मुहर्रकला दुसरं हॉटेल काढायचं ठरवलं. तिथे मसाल्याचा एक माणूस मुख्य म्हणून जाणार होता आणि त्याला हॉटेलच्या वरची दोन खोल्यांची जागा मिळणार होती. दोन खोल्या. फॅमिलीची जागा. महादेव आस धरून बसला होता तो एवढ्या एकाच गोष्टीसाठी. रत्नाबाईने बहारीन पाहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो तिला फोनवर दाखवायचा: हा पूल, हा समुद्र, ही खजुराची झाडं, आणि ती म्हणायची, "फोन सरळ धरा, आभाळच दिसतंय." सहा जणांच्या खोलीत बायको आणता येत नाही. दोन खोल्यांत आणता येते. येत्या शुक्रवारी अबू यूसुफ दोघांचंही खाऊन ठरवणार होता. महादेवची कोंबडी विरुद्ध अन्सारचं बकरं.

आणि अन्सारच्या बकऱ्याचा मसाला महादेवने तुळशीला फासला होता.

"मुद्दाम केलंस असं मी नाय म्हणत," अन्सार म्हणाला.

"मग कोण म्हणतंय?"

"अजून कोणी नाय. खाली जाऊन सांगितलं तर सगळे म्हणतील."

हे खरं होतं, आणि म्हणून महादेवच्या अंगाचा तिळपापड झाला. मुद्दाम केलं असतं तर निदान थोडं समाधान तरी मिळालं असतं. पण त्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आता हळूहळू वर यायला लागली होती.

"एक सांग, अन्सार. तुझ्या वडीला माझ्या बायकोची गाठ कशी?"

अन्सारने गाल पुन्हा धरला. "वयनीनेच बांधली. तुझं पार्सल न्यायला गेलो होतो ना."

गावाहून बहारीनला निघणारा माणूस निघण्याआधी आसपासच्या घरांतून पार्सलं गोळा करत हिंडतो. कुणाचा चिवडा, कुणाची सुकी मासळी, कुणाची औषधं. त्याला कुणी नाही म्हणत नाही, कारण पुढच्या वेळी आपलं पार्सल दुसऱ्याने आणायचं असतं. अन्सार सुट्टी संपवून निघताना होडीने खाडी ओलांडून अलीकडे आला तो महादेवच्या पार्सलासाठी.

"तुझ्या न्हाणीमागे शेंद्रीचं झाड आहे, भाऊ. केवढं बहरलंय! मी म्हटलं, वयनी, ही बोंडं तुम्ही काय करता? तर म्हणे, पोरं लहान होती तेव्हा ओठ रंगवायची, आता वाळून पडतात. मी म्हटलं, मग मला द्या."

महादेवने फोन काढला आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन रत्नाबाईला लावला. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग पदर, मग रत्नाबाई.

"तू अन्सारला आपल्या झाडाच्या बिया दिल्यास?"

"पोचलं काय पार्सल? चिवड्याला तेल सुटलं नाय ना?"

"बिया दिल्यास का?"

"मग? पडून जात होत्या."

"आणि गाठ कशी तुझी?"

"मग सुतळी मोकळी सोडू? वाटूनही मीच दिलं. तो बिचारा पाट्याशी बसला नि पहिल्यालाच बोट चेचून घेतलंन. मी म्हटलं, ऊठ बाबा, तू मेक्सिकोचं सांग, मी वाटते."

ज्या मसाल्याचा त्याला मत्सर वाटत होता तो या खेपेला त्याच्याच परसातला होता आणि त्याच्याच बायकोने वाटलेला होता. म्हणजे आता मत्सर नेमका कुणाचा करायचा, हेही धड ठरेना.

"माझा मसाला कधी असा वाटून पाठवला नाहीस तू."

"तुम्ही कधी मागितलात?"

महादेवने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"नि काय हो," रत्नाबाई म्हणाली, "तुम्हाला तिथे उस्ताद म्हणतात, हे मला अन्सारकडून कळायचं होतं? दुपारभर सांगत होता. अरबी लोक लांबून गाड्या घेऊन येतात म्हणे तुमची कोंबडी खायला. तुम्ही मला नुसतं आभाळ दाखवता."

फोन ठेवून महादेव रेलिंगला टेकला. अन्सारने आपली स्तुती केली याचा आनंद व्हायला हरकत नव्हती. त्याला झाला तो राग. आपल्या बायकोला आपल्याविषयी सांगण्यासारखं काय आहे हे त्या उंट्याला आधी सुचलं, आपल्याला नाही.

तो परत आला तेव्हा अन्सार आपल्या पेटीतून एक कापडी पिशवी काढत होता. वाळलेली, काटेरी बोंडं. पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलेली.

"अजून करता येईल," अन्सार म्हणाला. "पण मिक्सरला या बिया जुमानत नाहीत. मागच्या वेळी किचनच्या मिक्सरचं पातं गेलं, मॅडमनी मला तासभर ऐकवलं. दगडच लागतो. भाऊ, तुझा खलबत्ता..."

महादेवचा खलबत्ता म्हणजे काळ्या दगडाचा, त्याच्या आजोळचा. विमानात सामानाचं वजन जास्त झालं म्हणून त्याने एकदा अंगावरचे कपडे सोडून बाकी कपडे एअरपोर्टवर वाटून टाकले होते, पण खलबत्ता आणला होता. त्याला तो कुणाला हात लावू देत नसे. तुळशीला पाणी घालायची जबाबदारी तो दुसऱ्यावर टाकून सुट्टीवर जाई. खलबत्ता मात्र कुलपात.

"तुझं बोट आधीच चेचलेलं आहे," महादेव म्हणाला.

"मग तू वाट."

असं होऊन दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, हॉटेलच्या मागच्या अंगणात, महादेव पड्याळ अन्सार परकाराचा मसाला वाटायला बसला. बिया गरम पाण्यात भिजून फुगल्या होत्या. बत्त्याखाली त्या आधी निसटत, मग चिरडत, मग अशा लाल होत की खल रंगवायला काढल्यासारखा दिसे. अन्सार शेजारी लसूण भाजत होता आणि अधूनमधून सूचना करत होता, ज्या महादेव ऐकत नव्हता.

"भाऊ, मिरी आता घाल."

"लवंगेनंतर घालीन."

"तिकडे आधी मिरी घालतात."

"तिकडे माझा हात नाय."

कडू संत्रं मिळालं नव्हतं. अन्सारने साध्या संत्र्याच्या रसात लिंबू पिळलं. थोडं थोडं करत गोळा एकजीव होत आला. मग अन्सारला दाढेच्या डॉक्टरचा फोन आला आणि तो बोलत बोलत फाटकापर्यंत गेला.

महादेवच्या उजव्या हाताला त्याचा स्वतःचा मसाल्याचा डबा होता. गावची मिरची, घरी कांडलेली. तो एकटा होता, गोळा समोर होता आणि अन्सारची पाठ त्याच्याकडे होती. एक चमचा. फक्त एक चमचा तिखट, आणि अबू यूसुफची जीभ भाजली असती, सटल का काय ते सगळं खलास झालं असतं, आणि दोन खोल्या महादेवच्या झाल्या असत्या. त्याने डबा उघडला. चमचा भरला. खलाच्या वर आणला.

आणि तिथे त्याचा हात अडला. पाप वाटून नव्हे. तेवढा वेळ नव्हता. त्याच्या मनात असं आलं, की हे तिखट घातलं आणि हा मसाला आणखी चांगला झाला तर?

होईलच. त्याला स्वतःच्या मिरचीविषयी एवढी खात्री होती. या मसाल्यात काय कमी आहे हे पहिल्या गुरुवारीच त्याने सांगितलं होतं. आता ते तो आपल्या हाताने पुरं करणार, अबू यूसुफ बोटं चाटणार आणि नाव होणार अन्सारचं? बिया माझ्या, बायको माझी, दगड माझा, आणि वर मिरचीही माझीच? त्याने चमचा डब्यात रिकामा केला, झाकण घट्ट लावलं आणि एवढ्या रागाने बत्ता चालवला की अन्सार परत आला तेव्हा गोळा लोण्यासारखा झाला होता.

अन्सारने बोटाने चाखला, परत चाखला.

"काय?" महादेवने विचारलं.

"जहाजावरचा असा नव्हता."

महादेवने सवयीने चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, हात उन्हात धरला. रेषा साफ बुडाल्या होत्या. त्याला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी नमाजानंतर अबू यूसुफ आला. मागच्या दालनात त्याच्यासमोर दोन्ही ताटं ठेवली. निवेदिता मॅडम फोनवर टिपणं घ्यायला सज्ज होत्या. आधी त्याने कोंबडी घेतली. एक तंगडी खाल्ली, दुसरी खाल्ली, हाडं पुन्हा चोखली. मग केळीचं पान उलगडलं. वाफ निघाली, मांस बोटांनी सुटून आलं, लाल रस पानाच्या शिरांतून वाहिला. अबू यूसुफने डोळे मिटले. महादेवने त्याचे डोळे उघडायची वाट पाहिली. फार वेळ पाहावी लागली.

"अन्सार, तू मुहर्रक जायगा," अबू यूसुफ म्हणाला.

मग त्याने महादेवकडे पाहिलं. बोलायचा कंटाळा असूनही त्या दिवशी तो बोलला.

"महादेव, तुम मफी जाना, नै जाना. तुम इदर से गया तो रिफा का सब आदमी मेरे घर आके मेरे को मारेगा. मेरा मदर भी मारेगा. ये चिकन इदरीच. तुम इदरीच. खलास."

सगळे हसले. अबू यूसुफने महादेवची पाठ थोपटली, तिला हिरवी चटणी लागली. निवेदिता मॅडम म्हणाल्या, "महादेव, दॅट्स अ ह्यूज कॉम्प्लिमेंट, बरं का." महादेवने मान डोलवली, हातमोज्यांच्या व्हिडिओला डोलवायचा तशीच. कोंबडी जरा वाईट झाली असती तर आज दोन खोल्या मिळाल्या असत्या, एवढा हिशोब त्यालाही कळत होता. तो टेबलावर गेला आणि संध्याकाळचे कांदे चिरायला घेतले. कांद्याचं निमित्त बरं पडलं.

अन्सार मागून आला.

"भाऊ, माझी बायको इतक्यात येत नाय. पोरांच्या परीक्षा आहेत, उन्हाळ्याशिवाय तिला हलता यायचं नाय. जागा तोवर रिकामीच."

"मग?"

"मग वयनीला बोलव. महिनाभर, व्हिजिट व्हिसावर. मी जिदहफ्सला तुझ्या खाटेवर झोपतो. अबू यूसुफला मी विचारलं. म्हणाला, यल्ला, चालेल."

"नको."

"का?"

"नको म्हणजे नको. तुझ्या जागेत मी कशाला बायको आणू? मी काय..." सुरी जोरात चालली.

"बघ बाबा," अन्सार म्हणाला. "मी वयनीला पण विचारलंय."

"तिला कधी विचारलंस?"

"आता. फोनवर. ती म्हणाली, विमानात खिडकीची जागा मिळेल ना?"

महादेवने सुरी खाली ठेवली. हेही आधी यानेच विचारलं होतं.

रत्नाबाई जानेवारीत आली. येताना तिने बोंडांची पिशवी आणली, अन्सारसाठी, आणि कांडलेली मिरची आणली, महादेवसाठी. दोन्ही सारख्याच कागदात, पण या वेळी एकावर निळ्या पेनाने नाव घालून. मुहर्रकच्या त्या दोन खोल्यांत ती महिनाभर राहिली. सकाळी समुद्राकडच्या खिडकीत चहा घेऊन बसायची. महादेव ड्यूटी संपवून रिफाहून बस बदलत यायचा, कारण संध्याकाळी त्याला तिथे असायचं होतं आणि बसमध्ये कितीही वेळ गेला तरी चालणार होता. तिने पूल पाहिला, खजुराची झाडं पाहिली आणि म्हणाली, फोनमध्ये यातलं काहीच येत नव्हतं. एकदा ती रिफाच्या हॉटेलात ग्राहक म्हणून बसली, अबू यूसुफने स्वतः तिला लाल कोंबडी वाढली, आणि तिने पहिला घास घेऊन किचनच्या दाराकडे पाहिलं तेव्हा महादेव दारामागे लपला होता.

जाताना विमानतळावर तिने अन्सारला विचारलं, "भाड्याचं काय द्यायचं रे?"

"भाडंबिडं काय नाय, वयनी. भाऊने मला एकदा कोंबडी खिलवायची. इतके महिने एका किचनात आहे, पण ती ताटात वाढून मला कधी मिळाली नाय. कडेचा तुकडा चाखलाय तेवढाच. बसून खाणार. पोटभर."

"घालतील की," रत्नाबाई म्हणाली, आणि महादेवकडे बघून, "काय हो?"

"घालीन," महादेव म्हणाला. "त्यात काय."

आता उन्हाळा लागला. अन्सारची बायको-पोरं येऊन त्या खिडकीत बसायला लागली. मुहर्रकच्या हॉटेलात गुरुवारी जागा मिळत नाही, हे महादेवला निवेदिता मॅडम न विचारता सांगतात. सुट्टीच्या दिवशी अन्सार जिदहफ्सला येतो, गॅलरीत बसतो, चहा पितो. कोंबडीचा विषय तो काढत नाही. महादेवच काढतो: आज चिकन फ्रोझन आलंय, आज दही आंबट आहे, आज पाहुणे जास्त होते, मसाला उरला नाही, पुढच्या शुक्रवारी, इंशाल्ला. आणि खरं कारण एवढंच, की अन्सार ती कोंबडी खाईल आणि डोळे मिटेल की नाही, हे महादेवला अजून बघवणार नाही.

कालही त्याने अन्सारच्या वाटणीची एक कोंबडी वेगळी मुरत घातली होती. आज अन्सार आला, तेव्हा ती गिऱ्हाइकाला गेली होती.